अक्षरांचे स्थलांतर : पाठ कोणाच्या हाती?

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर अनुभवाचा विचार केला, बांधिलकीचा केला, विद्रोहाचा आणि भाषेचाही केला. पाठाचा विचार मात्र तिने फारसा केलेला नाही. पाठ म्हणजे लेखकाने लिहिलेली आणि वाचकाच्या हाती पडलेली नेमकी अक्षरे. ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केली. पुढे राजवाड्यांनी जुनी पोथी शोधून छापली. तुकोबांच्या गाथेसाठी शासनाने विद्वानांना काम दिले. आपल्या कवितासंग्रहांना, आत्मकथनांना, जलशांच्या वह्यांना आणि चळवळीच्या साप्ताहिकांना असा पाठचिकित्सक क्वचितच भेटला. आपले लेखन छापले जाणे हाच एक लढा होता. तो जिंकल्यावर छापलेले तसेच टिकेल, असे आपण गृहीत धरले.

हे गृहीत आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे. आपले साहित्य आज एका संकेतनातून दुसऱ्या संकेतनात हलवले जात आहे. संगणकाच्या जुन्या फॉन्टमधली अक्षरे युनिकोडमध्ये नेली जात आहेत. हे काम निमूटपणे, बहुधा रात्रीतून, एखाद्या यंत्रावर एक कळ दाबून होते. त्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात आणि ते ऑपरेटरचे काम समजले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की, हे ऑपरेटरचे काम नव्हे. हे संपादनाचे काम आहे, आणि संपादन कधीही निरपेक्ष नसते.

१

बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १९२७ साली पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिलेले जोतीराव फुल्यांचे चरित्र चिखलीहून प्रसिद्ध झाले. मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांना ज्याची निकड वाटली नाही, ते काम वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावाने केले. त्या पुस्तकाची एखादी प्रत कपाटात पिवळी पडलेली असेल, पाने तुटत असतील. पण ज्याला मराठी वाचता येते त्याला ती आजही वाचता येते. जुळाऱ्याने जुळवलेले अक्षर कागदावर उमटले की ते कोणाच्या परवानगीवर अवलंबून राहात नाही.

१९९० नंतर खिळ्यांचे छापखाने एकामागून एक बंद पडले. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर, चिखली अशा गावांतून डीटीपी सेंटरे उघडली. १४ एप्रिलचे विशेषांक, धम्मपरिषदांच्या स्मरणिका, भीमगीतांच्या पुस्तिका, मोर्चाची पत्रके, स्वखर्चाने काढलेले पहिले कवितासंग्रह हे सारे त्यानंतर या सेंटरांतूनच निघू लागले. पेजमेकरमध्ये पान लावायचे, बटर पेपरवर प्रिंट काढायची, प्लेट करायची आणि छापायचे. मूळ फाइल फ्लॉपीवर, नंतर सीडीवर, पुढे ऑपरेटरच्या यंत्रावर राहिली.

अशी एखादी फाइल आज साध्या यंत्रावर उघडली, तर मराठीचे एक अक्षर दिसत नाही. रोमन अक्षरे, डॉलरची खूण, पौंडाची खूण, प्रश्नचिन्हे आणि अर्धविराम यांचा नुसता खच पडलेला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तिची किल्ली हरवलेली असते. १९२७ चे पुस्तक वाचता येते आणि १९९७ ची स्मरणिका वाचता येत नाही, ही आपल्या छापील इतिहासाची आजची स्थिती आहे. काही ठिकाणी ती स्मरणिका पीडीएफ म्हणून जपलेली असते. तिथे डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की पुन्हा तोच खच. तिच्यात ‘आंबेडकर’ हा शब्द शोधला, तर यंत्र सांगते की हा शब्द यात नाही.

२

असे का होते हे समजून घेतले पाहिजे. कारण ज्याला यंत्र समजत नाही त्याला यंत्राच्या मालकाचे म्हणणे निमूटपणे ऐकावे लागते.

संगणक अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हा कराराचा भाग आहे. भारतीय लिप्यांसाठी असा करार ‘इस्की’ या नावाने १९८० नंतरच्या दशकात तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो मानक म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची १२८ घरांची रचना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली होती. म्हणजे करार होता. पण त्या काळची सर्वसाधारण यंत्रे देवनागरीचे जोडाक्षर पडद्यावर जुळवू शकत नव्हती. विंडोजमध्ये ती सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. तोवर बाजार थांबणार नव्हता.

म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक आडवाट काढली. रोमन अक्षरांच्या घरांत त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एका घरात अर्धा ‘स’, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार, चौथ्यात रफार आणि अनुस्वार एकत्र. जुळारी जसे खिळे लावतो तसे हे तुकडे शेजारी शेजारी लावले की पडद्यावर मराठी शब्द दिसे. पुण्याची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅकचे आयएसएम, टाइपरायटरच्या सवयीवर चालणारा कृतिदेव यांपैकी प्रत्येकाची घरे वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याला कळत नसे. अनेक पॅकेजे तर यंत्राला डोंगल लावल्यावाचून चालत नसत. ज्याच्याकडे पॅकेज त्याच्याकडे किल्ली. ज्याचे लेखन, त्याच्याकडे फक्त छापलेला कागद.

आता रूपांतर म्हणजे काय, ते पाहू. जुन्या घरातला तुकडा उचलायचा आणि युनिकोडच्या घरात ठेवायचा, एवढ्याने ते भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये तुकडे दिसण्याच्या क्रमाने असतात. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने असतात. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते, पण ती उच्चारली जाते नंतर. रफार दिसतो नंतर, पण त्यातला ‘र’ उच्चारला जातो आधी. रूपांतर करणाऱ्याला हे दोन्ही उलटवावे लागते, आणि किती अक्षरे ओलांडून उलटवायचे हे त्याला ठाऊक असावे लागते.

ते ठाऊक नसले की काय होते? ‘अस्मिता’ या शब्दातील वेलांटी ‘म’पर्यंत पोहोचतच नाही. ती आधीच्या अर्ध्या ‘स’पाशी अडकते आणि ‘असि्मता’ तयार होते. ‘संघर्ष’चे ‘संघषर्’ होते. ‘धर्मांतर’चे ‘धमार्ंतर’ होते. ‘कार्यकर्ता’चे ‘कायर्कतार्’ होते, आणि त्यात ‘कायर’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो. जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार ज्या शब्दांत एकत्र येतात ते शब्द आधी मोडतात. आपल्या विचाराचे बहुतेक आधारशब्द नेमके तशाच घडणीचे आहेत. ‘घर’, ‘गाव’, ‘मन’ सुखरूप पोहोचतात. ‘अस्मिता’ आणि ‘संघर्ष’ वाटेत मोडतात.

यात कोणाचा कट आहे असे म्हणणे हास्यास्पद होईल. तक्ता करणाऱ्याने कोणत्या शब्दांवर तो तपासला, हा खरा प्रश्न आहे.

३

आतापर्यंत सांगितलेल्या चुका निदान दिसतात. दिसणारी चूक वाचक दुरुस्त करतो. याहून घातक आहे ती न दिसणारी चूक. तिच्यासाठी आपल्या प्रदेशाच्या नावाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

‘वऱ्हाड’ या शब्दात ‘र’चे एक खास रूप आहे. ते रफार नव्हे. ‘ह’च्या आधी आडवे पडलेले अर्धे ‘र’ आहे. मराठीत ते ‘दुसऱ्या’, ‘बिऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांचा’ अशा रोजच्या शब्दांत येते. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारांनी लिहिता येते. एक प्रकार असा की, खाली टिंब असलेला ‘ऱ’, ज्याचे घर ०९३१ क्रमांकाचे आहे, तो घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरा असा की, साधा ‘र’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण ठेवायची. कागदावर दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे स्वतःचे समानीकरणाचे नियमही त्यांना एक मानत नाहीत.

एका रूपांतरकाने पहिला प्रकार निवडला, दुसऱ्याने दुसरा. ग्रंथालयाच्या सूचीत एका स्मरणिकेतले ‘वऱ्हाड’ एका जातीचे, दुसऱ्या स्मरणिकेतले दुसऱ्या जातीचे. साधा शोध आकड्याला आकडा जुळवून पाहतो. विद्यार्थी ‘वऱ्हाडातील आंबेडकरी चळवळ’ असा विषय घेऊन शोधायला बसतो. त्याला जे सापडते ते तो लिहितो, आणि जे सापडत नाही ते नव्हतेच असे समजतो. तिसरा प्रकार आणखी वाईट. पुष्कळ सॉफ्टवेअर ती अदृश्य खूण कचरा समजून झाडून टाकते. मग ‘ह’च्या डोक्यावर रफार चढतो आणि ‘वर्हाड’ उरते. वऱ्हाडातल्या माणसाने आपल्या प्रदेशाचे नाव असे कधीच लिहिलेले नाही.

बुलढाणा की बुलडाणा, हा वाद माणसांचा आहे. दोन्ही रूपे डोळ्यांना वेगळी दिसतात, त्यांच्यावर वाद घालता येतो, निर्णय करता येतो. वऱ्हाडच्या दोन लेखनांवर वाद घालता येत नाही. कारण ती दोन आहेत हेच कोणाला दिसत नाही.

दुसरा शब्द घेऊ : ‘ॲट्रॉसिटी’. १९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याला महाराष्ट्रातील वस्तीवस्तीत याच नावाने ओळखतात. या शब्दाचे पहिले अक्षर मराठीला हवे तसे युनिकोडमध्ये सुरुवातीला नव्हते. ‘अ’वर चंद्रकोर असलेले स्वतंत्र अक्षर ०९७२ या घरात आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कोणी हिंदीचे ‘ए’वर चंद्रकोर असलेले अक्षर वापरले, कोणी ‘अ’ लिहून त्यावर चंद्रकोर ठेवली, कोणी त्या दोहोंमध्ये अदृश्य जोडखूणही घातली. असे एकाच शब्दाचे चार संकेत झाले. ज्या कार्यकर्त्याला गेल्या वीस वर्षांतील वर्तमानपत्रांतून आपल्या तालुक्यातले ॲट्रॉसिटीचे गुन्हे गोळा करायचे आहेत, त्याने चारपैकी एकच लेखन शोधले तर बाकीच्या तीन लेखनांतल्या बातम्या त्याच्यासमोर येणारच नाहीत. त्या बातम्या कोणी दडपलेल्या नाहीत, त्या छापलेल्या आहेत आणि साठवलेल्याही आहेत. फक्त त्या त्याला भेटत नाहीत. अत्याचाराची नोंद असणे आणि ती हाती लागणे यांत किती अंतर असते हे आपल्या लोकांना सांगायला नको. ते अंतर आता अक्षराच्या आतही येऊन बसले आहे.

४

लिपीची किल्ली ज्याच्या हाती त्याच्या हाती साहित्य, हा अनुभव वऱ्हाडला नवा नाही. महानुभावांचे उदाहरण घ्यावे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातील चक्रधरांच्या भ्रमंतीत आपल्या जिल्ह्यातले मेहकर आणि लोणार येते. गोविंदप्रभूंच्या लीळांत ते अस्पृश्यांच्या वस्तीत सहज वावरताना दिसतात. या पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीत आणि तशाच इतर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजायचे, अशी ती रीत होती. आजच्या भाषेत तेही संकेतनच. शेकडो वर्षे हे गद्य बाहेरच्यांना वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती किल्ली उघड केली, आणि मराठीच्या आद्य गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

या दोन संकेतनांत मात्र एक मूलभूत फरक आहे. सकळ लिपीत एका अक्षराला एकच अक्षर ठरलेले होते आणि ती किल्ली ज्यांचे साहित्य त्या मठांतच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. म्हणून कुलूप उघडल्यावर आतला ऐवज पूर्ण निघाला. आपल्या पोथ्यांची किल्ली आपण सांभाळली नाही. ती फॉन्ट विकणाऱ्याकडे होती, आणि ज्या सेंटरात फाइल होती ते सेंटर बंद पडले की तीही गेली.

मोडीचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. मोडीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे. मोडी कागद बाळबोधीत उतरवणारा प्रत्येक वेलांटीपाशी निर्णय करत असतो, आणि तो निर्णय मूळ लेखकाचा नसतो. म्हणून इतिहासाचा चांगला अभ्यासक लिप्यंतरावर भागवत नाही, मूळ कागद मागतो. मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची घरे मिळाली ती २०१४ साली. म्हणजे मोडी आता मोडी म्हणूनच ठेवता येते. जुन्या सरंजामी दफ्तरांबाबत मूळ कागद पाहण्याची ही शिस्त पाळली जाते. आंबेडकरी चळवळीच्या साप्ताहिकांबाबत ती का पाळू नये?

५

येथवर अक्षरांच्या हरवण्याचा विचार केला. पण काही अक्षरे हरवत नाहीत, ती ‘सुधारली’ जातात. हा प्रश्न अधिक गंभीर आहे. कारण येथे यंत्राच्या मागे जुनीच दृष्टी उभी असते.

रूपांतरानंतर मजकूर बहुधा शुद्धलेखन-तपासनीसातून जातो. हा तपासनीस एका शब्दसूचीवर चालतो आणि ती सूची प्रमाण मराठीची असते. वऱ्हाडी माणूस ‘मले’, ‘तुले’ म्हणतो. तपासनीस म्हणतो, ‘मला’, ‘तुला’ असेल. वऱ्हाडी बाई ‘डोया’ म्हणते. तपासनीसाला तो शब्द माहीत नाही, तो ‘डोळा’ सुचवतो. ‘व्हतं’, ‘केलं’, ‘गेलतं’ यांवरचा अनुस्वार जुन्या फॉन्टमध्ये कधी स्वतंत्र तुकडा असतो, तर कधी दुसऱ्या मात्रेशी जोडलेला. ती जोडखूण तक्त्यात राहून गेली तर अनुस्वार गळतो आणि बोली मुकी होते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, ते ठीकच झाले. पण ‘बलुतं’ या शब्दावरचा अनुस्वार अनुच्चारित नाही. दया पवारांनी १९७८ मध्ये पुस्तकाला जे नाव दिले त्यात तो आहे; तो काढला तर पुस्तकाचे नाव बदलते. जलशातल्या ध्रुपदाचा लांबवलेला सूर दाखवणारा अवग्रह असाच. तक्ता करणाऱ्याने तो संस्कृत पोथीतला चिन्हविशेष समजून सोडून दिला, तर गाण्याचा सूर कागदावरून उतरतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीरावांच्या विचाराला उत्तर देण्याऐवजी त्यांच्या व्याकरणाची टर उडवली, हे आपण शाळा-कॉलेजात शिकवत आलो आहोत. त्या टीकेला निदान नाव होते, तारीख होती. तिला उत्तर देता येत होते. आजचा तपासनीस टर उडवत नाही. तो नम्रपणे शब्दाखाली तांबडी रेघ ओढतो, आणि कंटाळलेला ऑपरेटर ‘सगळे बदला’ ही कळ दाबतो. शंभर पानांतले ‘मले’ एका क्षणात ‘मला’ होते. पुढे कोणी संशोधक त्या पाठावरून लिहितो की, या लेखकाने प्रमाण भाषेचा स्वीकार केला आहे. लेखकाने केलेला नसतो. यंत्राने त्याच्या वतीने केलेला असतो.

दलित साहित्याने प्रमाण भाषेची मक्तेदारी मोडली, हे त्याचे मोठे वाङ्मयीन कार्य मानले जाते. ते मोडणे अक्षराअक्षरांत नोंदलेले आहे. ती अक्षरे परत जुन्या रांगेत उभी केली, तर समीक्षकाने कितीही प्रस्तावना लिहिल्या तरी ते कार्य पुसले जाईल.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चुका खिळ्यांच्या छापखान्यातही होत असत. त्यात नवे काय? नवे असे की, छापखान्यातली चूक एका आवृत्तीपुरती असे, ती पानावर दिसे, आणि मूळ हस्तलिखित किंवा प्रूफ समोर ठेवून ती ताडता येई. रूपांतरातली चूक एका तक्त्यातून हजारो पानांत एकाच वेळी जाते. ती पडद्यावर दिसेलच असे नाही, आणि रूपांतर झाल्यावर मूळ फाइल ‘आता हिचा उपयोग नाही’ म्हणून पुसली जाते. त्यानंतर ताडून पाहायला काही उरत नाही. आज यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी असाच साठवलेला मजकूर वापरला जातो. त्यात आपला मजकूर मोडलेला असेल किंवा नसेलच, तर उद्याच्या यंत्राची मराठी आपल्यावाचून घडेल.

दुसरा आक्षेप असा की, युनिकोड ही समतेची व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक लिपीला घर आहे, मग तक्रार कसली? युनिकोडबद्दल तक्रार नाही. एका गावच्या मजकुराला दुसऱ्या गावच्या यंत्राने ओळखणे ही मुक्तीच आहे. ज्या दिवशी कार्यकर्त्याला डोंगल न लावता आपल्या भाषेत पत्रक लिहिता आले, त्या दिवशी एक कुंपण मोडले. पण घर असणे आणि घरात राहायला मिळणे यांत फरक आहे. म्यानमारचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे ‘झॉजी’ नावाचा फॉन्ट सर्वत्र चालत असे. युनिकोडने मोन, शान, करेन या अल्पसंख्य समूहांच्या अक्षरांसाठी राखलेल्या घरांतच या फॉन्टने बर्मी अक्षरांचे जादा तुकडे बसवले होते. बहुसंख्यांच्या सोयीसाठी अल्पसंख्यांची घरे वापरली गेली. झॉजी चालणाऱ्या यंत्रावर या समूहांना आपली भाषा धड लिहिता येईना. अखेर तेथील शासनाने १ ऑक्टोबर २०१९ पासून युनिकोडचा स्वीकार जाहीर केला. मानक कागदावर होते. त्याचा हक्क मिळण्यासाठी वर्षे जावी लागली. राखीव जागा आणि प्रत्यक्ष भरती यांतला फरक जाणणाऱ्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

७

तेव्हा करायचे काय? निषेधाचा ठराव करून हा प्रश्न सुटणार नाही. कामाची विभागणी करावी लागेल, आणि ते काम आपल्या आवाक्यातले आहे.

पहिली गोष्ट, मूळ फाइल पुसू नये. ती, तिचा फॉन्ट आणि तिच्यावरून छापलेली एक तरी प्रत ही तिन्ही एकत्र ठेवावीत. छापील प्रत हीच अखेरची साक्ष आहे. ज्यांच्या घरी जुन्या सीडी, बंद पडलेले संगणक, डीटीपीचे गठ्ठे आहेत त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी एकदा विचार करावा.

दुसरी, रूपांतराचा तक्ता आपण आपल्या शब्दांवर तपासावा. कोणतेही रूपांतर स्वीकारण्यापूर्वी त्याला शे-दीडशे शब्दांची परीक्षा द्यायला लावावी. अस्मिता, संघर्ष, धर्मांतर, कार्यकर्ता, वऱ्हाड, बिऱ्हाड, ॲट्रॉसिटी, बलुतं, व्हतं, मले, डोया यांपासून ती यादी सुरू करता येईल. मराठीचा कोणताही विद्यार्थी अशी यादी आपल्या तालुक्याच्या बोलीतून वाढवू शकेल. ज्या रूपांतरकाला ‘वऱ्हाड’ लिहिता येत नाही त्याच्या हाती वऱ्हाडचे साहित्य देऊ नये.

तिसरी, शोधासाठी सारखे करावे, पाठात सारखे करू नये. ‘ॲट्रॉसिटी’ची चारही लेखने शोधणाऱ्याला एकदम सापडली पाहिजेत, ‘मले’ शोधले तर ‘मला’ही दाखवायला हरकत नाही. ही सोय सूचीत करता येते. सूचीतल्या सोयीसाठी लेखकाच्या पानावर हात चालवणे ही लबाडी आहे.

चौथी, प्रत्येक रूपांतरित पुस्तकाच्या आरंभी चार ओळींची नोंद असावी : मूळ फॉन्ट कोणता, रूपांतर कोणत्या तक्त्याने झाले, छापील प्रतीशी कोणी ताडून पाहिले, आणि कधी. मुद्रितशोधकाचे नाव छापायची रीत आपल्याकडे होती. ती पुन्हा सुरू करावी. बोलीतले पुस्तक असेल तर ताडणारा माणूस ती बोली बोलणारा असावा, ही अट त्यात हवी.

हे काम कोणी करावे? अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्पांचे विषय हवे असतात. एका विद्यार्थ्याने आपल्या गावची एक स्मरणिका छापील प्रतीशी ताडून युनिकोडमध्ये आणली, तर ते कोणत्याही उताराछाप प्रबंधाहून मोलाचे होईल. सार्वजनिक ग्रंथालयांना जागा आहे, शिक्षकांना सुट्या आहेत, कार्यकर्त्यांकडे जुने अंक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या दर्जाच्या आनंदात प्राचीन पोथ्यांचे जतन होईल, आणि ते व्हावेच. पण अभिजात मराठीत तालुक्याच्या गावी छापलेली भीमगीतांची पुस्तिकाही येते की नाही, हे ठरवण्याचा हक्क आपण दुसऱ्यांवर सोपवू नये.

ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांनी अक्षर मिळवले आणि त्यातून साहित्य उभे केले. ते अक्षर आता आकड्यात साठवले जाते. आकडा कोणता, तो कोणी ठरवला, आणि बदलताना कोणाला विचारले, हे प्रश्न यापुढे दलित साहित्याच्या समीक्षेचे प्रश्न मानले पाहिजेत. समीक्षकाने पुस्तकाच्या आशयावर लिहिण्याआधी एकदा हातातला पाठ कोठून आला ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही लिहावे.